प्रश्नांची यादी कुणाची? पिक्चरवर बोलण्याची मराठी शंभर वर्षं

जामखेडमधून पुन्हा एकदा तुमच्या कानात. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहिलेला भाग. बोलताना आलेले "अं", "म्हणजे कसंय" काढून टाकलेत. मधेच शेजारच्या गल्लीत डीजे लागला होता, तोही कापलाय. बाकी सगळं तसंच आहे.

आज शुक्रवारच्या पिक्चरचं परीक्षण नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

गेल्या महिन्यात एक फोन आला. एका येऊ घातलेल्या मराठी पिक्चरच्या प्रमोशनचं काम बघणारा माणूस होता. नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या माणसाचा नाही. म्हणाला, "दिग्दर्शकाची चाळीस मिनिटांची मुलाखत देतो, करणार का?" मी खुर्चीत उडालोच. दिवसा मी कोड लिहितो आणि रात्री दारं लावून, फॅन बंद करून हे रेकॉर्ड करतो. आपल्याकडे कोण कशाला मुलाखत देतंय? मी लगेच हो म्हणालो.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. त्यात बारा प्रश्न. "ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?" इथपासून "प्रेक्षकांना काय सांगाल?" इथपर्यंत. खाली दोन ओळी होत्या. परीक्षण साडेतीन स्टारच्या खाली नको. आणि त्यासाठी मिळणारी रक्कम, जी माझ्या माईकच्या किमतीपेक्षा जास्त होती. मी विचारलं, "हे पैसे घेऊन केलंय असं भागात सांगायचं ना?" उत्तर आलं, "त्याची काही गरज नाही."

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. दोन दिवस घेतले. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी ओळ खटकली की ती कुणी लिहिली, कधी लिहिली आणि का लिहिली, हे आधी बघायचं. म्हटलं, हा फोन मला आलेला पहिला असेल, पण असं काही मराठीत पहिल्यांदा नक्कीच होत नसणार. म्हणून मागे मागे जात राहिलो, आणि थेट १९१२ पर्यंत पोहोचलो.

एका साप्ताहिकाचा वर्गणीदार

दादासाहेब फाळके आपल्या सगळ्यांना शाळेत भेटलेत. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि ठरवलं, की आपल्या देवांचाही असा सिनेमा व्हायला पाहिजे. विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि लंडन गाठलं. इथपर्यंत माहीत असतं.

आता गंमत ऐका. लंडनमध्ये फाळक्यांना कोण ओळखत होतं? कुणीच नाही. मग ते गेले कुठे? 'बायोस्कोप' नावाच्या सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत! मुंबईत असताना त्यांच्या हाती हे साप्ताहिक पडलं होतं आणि ते त्याचे वर्गणीदार झाले होते. लंडनमध्ये त्याची पाटी दिसल्यावर ते सरळ आत शिरले. संपादक होते कॅबर्न. त्यांनी आधी परावृत्तच केलं, की या धंद्यात भल्याभल्यांचे हात पोळलेत. पण हा माणूस हटणारा नाही हे दिसल्यावर त्यांनीच कॅमेरा निवडायला मदत केली आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत फाळक्यांची ओळख करून दिली.

हे आपल्याला कसं कळतं? फाळक्यांनी स्वतः लिहिलं म्हणून. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली, मराठीत. पैसे कुठून आणले, डोळे कसे बिघडले, घरात काय चाललं होतं, सगळं त्यात आहे. म्हणजे सिनेमा बनवणाऱ्यानं स्वतः बसून "मी हे कसं केलं" सांगण्याची आपल्याकडची सुरुवातच मराठी मासिकात झाली. आणि त्याच्याही मागे एक सिनेमाचं साप्ताहिक आणि एक खरं बोलणारा संपादक आहे. त्या संपादकानं गोड गोड बोलून फाळक्यांना कॅमेरा विकायला मदत केली असती, तर त्याचं काय जाणार होतं? पण त्यानं आधी धोका सांगितला. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

केसरीतली मुलाखत, आणि पाऊण शतक उशिरा आलेली दुसरी

'राजा हरिश्चंद्र'चा पहिला खेळ २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये झाला. तिकीट लावून नाही, निमंत्रितांसाठी. आज ज्याला आपण प्रेस शो म्हणतो तसाच. सगळ्यांसाठी तो लागला ३ मेला, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये. त्याच वर्षी 'केसरी'त फाळक्यांची मुलाखत आली. त्यात त्यांचा रोख काय होता? भांडवल आपलं, मालकी आपली, काम करणारी माणसं आपली आणि गोष्टीही आपल्या, म्हणून हा धंदा स्वदेशी. 'केसरी'च्या वाचकाला नेमकं हेच जाणून घ्यायचं होतं. प्रश्न वाचकाच्या बाजूनं आलेला होता, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या उत्तराला वजन आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई तयार नव्हती. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोघी आल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. शिवाय घरात सरस्वतीबाई फाळके होत्याच. दिवसभर अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक करायचा आणि रात्री फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची. फाळक्यांची मुलाखत झाली. या तिघींना तेव्हा कोण विचारायला गेलं?

कमलाबाई गोखले, म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांच्या आजी, यांच्याशी कॅमेऱ्यासमोर निवांत बोलायला रीना मोहन गेल्या. 'कमलाबाई' नावाचा माहितीपट त्यांनी केला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा कमलाबाई नव्वदीच्या घरात होत्या. त्या पिक्चरला पाऊण शतक उलटून गेलं होतं. सरस्वतीबाई तर तोवर नव्हत्याच. एक माणूस वेळेवर प्रश्न विचारायला गेला नाही की काय हरवतं, याचं यापेक्षा सरळ उदाहरण माझ्याकडे नाही.

बाबूराव: धाक, आणि धाकातली गोची

आता येतात बाबूराव पटेल. जन्म १९०४, पालघरजवळच्या मासवण गावचे. १९३५ मध्ये त्यांनी 'फिल्मइंडिया' हे मासिक सुरू केलं. इंग्रजीत होतं, पण डोकं आणि जीभ आपल्या मातीतली. दरारा असा, की त्यांच्या परीक्षणानं पिक्चर तरतो नाहीतर बुडतो असं बोललं जायचं. वाचकांच्या पत्रांना ते स्वतः उत्तरं द्यायचे, आणि अंक हातात आला की बरेच जण आधी तेच पान उघडायचे. तिरकस, खवचट, कधी कधी अगदी क्रूर उत्तरं. आज आपण जे "तुमचे प्रश्न, आमची उत्तरं" करतो ना, त्याचे आजोबा म्हणजे बाबूराव. सादत हसन मंटोनं त्यांच्यावर एक अख्खं व्यक्तिचित्र लिहून ठेवलंय.

पण गोची बघा. त्याच मासिकात पिक्चरांच्या पानभर जाहिराती. संपादक होण्याआधी बाबूरावांनी स्वतः पिक्चर काढलेले. आणि संपादक असतानाही त्यांनी 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) काढले, दोन्हींत नायिका त्यांच्या पत्नी सुशीलाराणी. सुशीलाराणी उत्तम गायिका होत्या, त्यात वाद नाही. पण ज्याच्या हातात परीक्षणाची लेखणी आहे त्याचाच पिक्चर थेटरला लागलाय, घरचीच नायिका आहे, तेव्हा वाचकानं कुणावर भरवसा ठेवायचा?

आमच्या कामात याला साधा नियम आहे. आपण लिहिलेला कोड आपणच तपासून पास करायचा नाही. माणूस लबाड असतो म्हणून नव्हे, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून. दोन्ही पिक्चर काही चालले नाहीत. ज्यानं आयुष्यभर इतरांचे पिक्चर फाडले, त्याच्या स्वतःच्या पिक्चरला प्रेक्षकांनी बिनलेखणीचं परीक्षण दिलं.

पण बाबूरावांना नुसतं खलनायक करून सोडणं बरोबर नाही. त्यांच्यामुळे प्रेक्षकाला कळलं की पिक्चरवर रागवायचा हक्क आपल्यालाही आहे, आणि नट म्हणजे देव नाही. त्यांची टीका ज्यांना झोंबायची त्यांच्या जाहिरातीही त्याच अंकात असायच्या. म्हणजे जाहिरात घेणारा प्रत्येक जण मिंधा होतोच असं नाही. पण आपली एक म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पोळी खाऊन टाळी न वाजवणारे थोडे असतात. आणि ते नेमके कोणत्या दिवशी वाजवतात, हे वाचकाला बाहेरून दिसत नाही.

शांता आपटे: मुलाखतीची वाट न बघणारी बाई

'फिल्मइंडिया'च्या कचेरीत घुसून बाबूरावांना छडीनं चोपणारी नटी म्हणून शांता आपट्यांचा किस्सा वारंवार सांगितला जातो. मला त्या किश्शापेक्षा त्यांच्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

शांताबाई प्रभातच्या स्टार. 'अमृतमंथन' त्यांचा, 'कुंकू' (१९३७) त्यांचा. 'कुंकू'त म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा आठवते ना? पडद्यावर नकार देणारी ही बाई खऱ्या आयुष्यात १९३९ मध्ये प्रभातच्या दारात उपोषणाला बसली, स्वतःच्या करारावरून आणि वागणुकीवरून. पुण्यात, स्टुडिओच्या फाटकावर. ज्या कंपनीचं नाव आपण हात जोडून घेतो, तिच्या फाटकावर.

आणि १९४० मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह बघा. सिनेमात यायचं स्वप्न बघणाऱ्या मुलामुलींना त्या आतली गोष्ट सांगतात. करार कसे असतात, मालक कोण, राबणारा कोण, पैसा जातो कुठे. हे प्रश्न त्यांना कुणी पीडीएफ करून पाठवले नव्हते. त्या काळात नटीला विचारलं जायचं ते कपड्यांबद्दल नाहीतर लग्नाबद्दल. शांताबाईंनी स्वतःचे प्रश्न स्वतः काढले आणि स्वतःच उत्तरं दिली. माझ्या मते मराठी सिनेमातली ही सगळ्यात धीट मुलाखत आहे, फक्त समोर मुलाखतकार नाही एवढंच.

इथे मी माझ्याकडे आलेले ते बारा प्रश्न पुन्हा काढून वाचले. करार, पैसा, राबणारा, यातलं एकही अक्षर त्यात नव्हतं.

ज्यांनी आठवण जपली

मधला काळ पटकन सांगतो. पुढे इसाक मुजावरांसारखी माणसं आली. त्यांनी जुन्या माणसांना गाठून, जुने अंक चाळून मराठी सिनेमाचा इतिहास पुस्तकापुस्तकांत उतरवला. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघालं, आणि सिनेमा बघून झाल्यावर त्यावर बसून बोलायची सवय मराठी माणसाला लागली. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर पुस्तक लिहून दाखवलं की मराठीत एका दिग्दर्शकाचं काम शॉटशॉटमध्ये उलगडता येतं. शिरीष कणेकर तर एकटे रंगमंचावर उभे राहून 'माझी फिल्लमबाजी' करायचे. मोबाइल यायच्या आधीचा लाइव्ह पॉडकास्टच तो! आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं १९८० च्या दशकात जुन्या सिनेमावाल्यांच्या तासन्‌तास मुलाखती टेपवर घेऊन ठेवल्या. नुसता आवाज. चेहरा नाही, रील नाही, थंबनेल नाही. कुणाला स्टार द्यायचे नव्हते, काही विकायचं नव्हतं. माणूस जायच्या आत त्याचं ऐकून घ्यायचं होतं.

आणि आपल्याकडे?

आता मुंबई-पुणे सोडून आपल्या भागात येऊ.

माझे वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी परीक्षण म्हणजे जत्रेतला भोंगा. तंबू थेटर यायचं, टेम्पोला पोस्टर बांधून माणूस गावभर ओरडत फिरायचा, हाणामारी किती, गाणी किती, रडायला किती येतं. साडेतीन स्टारच्या खाली तोही कधी गेला नाही! पण एक होतं. तो तंबूवाल्याचा माणूस आहे हे सगळ्या गावाला माहीत असायचं. त्याचा भोंगाच सांगायचा की ही जाहिरात आहे. या तंबूंवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा माणूस पहिल्यांदा जगाशी बोलला.

मग आमच्या पिढीचा काळ आला. जामखेडच्या शेजारचा तालुका करमाळा. तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यास करताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १४ फेब्रुवारी २०१४ ला 'फँड्री' लागला, २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट'. भाऊराव कऱ्हाडेही त्याच कॉलेजचे. त्यांनी जमीन विकून 'ख्वाडा' उभा केला आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हाची परीक्षणं मी कॉलेजच्या होस्टेलवर मोबाइलवर वाचली होती. बहुतेकांनी कौतुकच केलं. पण एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, "ग्रामीण". अस्सल ग्रामीण भाषा, ग्रामीण वास्तव, ग्रामीण चेहरे. मी रूममेटला म्हणालो, "अरे, हे तर आमच्या घरात बोलतात तसंच बोलतायत, यात ग्रामीण काय?" तो पुण्याचा. तो म्हणाला, "तेच तर." लिहिणारा लांबून बघत होता, एवढाच त्याचा अर्थ. त्यानं काही चूक केली नव्हती. पण जब्याच्या हातातला दगड जवळून बघणाऱ्यानं लिहिलं असतं, तर "ग्रामीण" हा शब्द लागला नसता, "जात" हा लागला असता. हा पॉडकास्ट मी सुरू केला तो या एका शब्दाच्या रागातून, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कऱ्हाडेंचा 'टीडीएम' लागला. खेळ मिळत नाहीत, मिळाले तर नको त्या वेळेला मिळतात, म्हणून दिग्दर्शक आणि कलाकार लोकांसमोर अक्षरशः रडले. ते व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर आले. विचार करा, ज्या पिक्चरकडे प्रमोशनला पैसा नाही, त्याला प्रामाणिक परीक्षणच जगवू शकतं. आणि परीक्षणच विकत मिळायला लागलं, तर सगळ्यात आधी मरणार तो हाच पिक्चर. मोठ्या बॅनरचं काय, त्याला भोंगे पुष्कळ.

तर मी काय ठरवलं

नियम काय सांगतो तेही बघितलं. जाहिरात क्षेत्राची मानक परिषद आहे, तिच्या जून २०२१ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला हवं. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानंही तेच बजावलं. म्हणजे "त्याची गरज नाही" हे उत्तर चूकच होतं.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेनं मद्रास उच्च न्यायालयात मागणी केली, की पिक्चर लागल्यावर पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणं बंद ठेवा. कोर्टानं तसा आदेश द्यायला नकार दिला. त्या निर्मात्यांचा राग मला समजतो. पिक्चर न बघता शिव्या घालणारे आहेतच. पण सगळ्यांची तोंडं बंद करणं हा त्यावर उपाय नाही. खरं बोलणाऱ्यांची संख्या वाढवणं हा उपाय आहे, आणि आपल्या हातात तेवढंच आहे.

मी त्या माणसाला मेसेज केला. मुलाखत करेन, प्रश्न माझे असतील. पैसे नकोत. परीक्षण तिकीट काढून, पिक्चर बघून, जे वाटेल ते. दोन निळ्या टिक आल्या. उत्तर आलं नाही. म्हणून आज परीक्षणही नाही, मुलाखतही नाही. पिक्चर आमच्या इथे लागला की बघेन आणि सांगेन. तो चांगला असला तर चांगलाच म्हणेन, राग धरून स्टार कापणार नाही. तीही एक प्रकारची लाचच की, स्वतःच्या अहंकाराला दिलेली.

जाता जाता एक. आपल्या जामखेडला जग कशासाठी ओळखतं? १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, शाळा फारशी न बघितलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. परदेशातले डॉक्टर इथे येऊन या बायकांसमोर वही घेऊन बसतात आणि त्यांना प्रश्न विचारतात. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. आता कळतं, की ज्याला खरं माहीत आहे त्याला विचारायचं असतं, मग त्याचं नाव पोस्टरवर असो वा नसो.

म्हणून पुढच्या तीन भागांत दिग्दर्शक नाही. तंबूत प्रोजेक्टर चालवलेला एक ऑपरेटर शोधतोय, शूटिंगला जेवण पुरवणारी एक बाई आणि सिनेमात गर्दीत उभा राहिलेला एक माणूस. तुमच्या गावात असं कुणी असेल तर मला कळवा. वय झालेलं असेल तर लवकर कळवा. कमलाबाई भेटल्या, सरस्वतीबाई नाही भेटल्या.

तुमच्या मनातला प्रश्नही पाठवा. पुढच्या भागात यादी तुमची असेल. भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या, आणि तिकीट काढून पिक्चर बघा!